फोनने ओळखलेली अश्वगंधा

"डॉक्टर, ही अश्वगंधाच आहे ना?" असा मेसेज आणि खाली एका पानाचा फोटो. गेल्या तीन-चार वर्षांत आठवड्याला असा एखादा तरी मेसेज मला येतोच. फोटोत हिरवं-राखाडी पान असतं, मागे बांधाची माती आणि कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा अंगठा. पूर्वी मी भिडेखातर उत्तर द्यायचो, "तशी दिसतेय खरी" किंवा "नसावी बहुतेक". आता एकच उत्तर देतो. फोटोवरून मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तरी त्या भरवशावर ते पोटात घालू नका. काहींना याचा राग येतो. एका सद्गृहस्थांनी तर लिहिलं, "तुम्हा ॲलोपॅथीवाल्यांना आपल्या मातीतल्या वनस्पतींचा एवढा द्वेष का?"

द्वेष अजिबात नाही. उलट अश्वगंधा हे मला आवडणारं झुडूप आहे आणि या लेखात ते कसं ओळखायचं हे मी नीट सांगणार आहे. माझा राग आहे तो ओळखीच्या नावाखाली चाललेल्या घाईवर. त्या घाईचा परिणाम मी एका रात्री दवाखान्यात पाहिला आहे.

श्रावणातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास ६१ वर्षांच्या एका निवृत्त गुरुजींना त्यांचा मुलगा आणि शेजारी उचलून घेऊन आले. गुरुजी हवेतून काहीतरी वेचत होते, अंथरुणावरचे नसलेले धागे ओढत होते, चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या मुलांची हजेरी घेत होते. मुलाला ओळखत नव्हते. घरच्यांना वाटलं होतं अर्धांगाचा झटका, शेजाऱ्यांना वाटलं होतं बाहेरचं काहीतरी. चेहरा लालबुंद, कातडी तापलेली आणि कोरडी ठणठणीत, जीभ लाकडासारखी, नाडी मिनिटाला १३६. ओटीपोटात लघवी तुंबलेली. बॅटरीचा उजेड डोळ्यात टाकला तर बाहुल्या पूर्ण मोठ्या झालेल्या, उजेडाने हलत नव्हत्या.

हे चित्र माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आमच्या भागात कीटकनाशक प्यायलेली माणसं येतात आणि त्यांना वाचवण्यासाठी आम्ही ॲट्रोपिनची इंजेक्शनं देतो, कधीकधी फार मोठ्या प्रमाणात. ॲट्रोपिन जरा जास्त झालं की पेशंट नेमका असाच दिसतो. पण गुरुजींना तर मी ॲट्रोपिन दिलं नव्हतं. मग ते आलं कुठून?

मी विचारलं, "काही खाल्लं का वेगळं? काढा, चूर्ण, जडीबुटी?"

"नाही हो सर. घरचंच जेवण," काकू म्हणाल्या. मुलानेही मान हलवली.

त्यात दीड-दोन तास गेले. आम्ही सलाइन लावलं, लघवीची नळी घातली, अंग ओल्या कापडाने पुसत राहिलो, झटापट थांबावी म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं. मेंदूच्या स्कॅनसाठी जिल्ह्याच्या गावाला पाठवायची तयारी सुरू होती. तेवढ्यात सून घरून पातेलं घेऊन आली. तळाशी उकळलेल्या मुळांचे तुकडे आणि काही पानं. संध्याकाळी सहा वाजता गुरुजींनी कपभर काढा घेतला होता. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, अशक्तपणा आहे, म्हणून अश्वगंधा. स्वतःच्या बांधावरची, स्वतःच्या हाताने उपटलेली. मुलाने मग फोन पुढे केला. झाडं ओळखणाऱ्या एका ॲपवर पानाचा फोटो टाकला होता आणि ॲपने नाव दिलं होतं अश्वगंधा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्यावर तिघाचौघांनी "होय, तीच" म्हणून अंगठेही दिले होते.

ती अश्वगंधा नव्हती. तो धोतरा होता.

काकू आधी का बोलल्या नाहीत, हेही सांगायला हवं, कारण त्यात चूक माझी आहे. वर्षभरापूर्वी गुरुजी कसल्याशा मुळीचं चूर्ण घेऊन माझ्याकडे आले होते. भर ओपीडीत, चार पेशंटसमोर मी हसलो होतो. "गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं!" असं काहीतरी म्हणालो होतो. त्यांनी पुडी मुकाट्याने खिशात घातली. त्या दिवसानंतर त्या घराने मला असलं काहीही सांगायचं नाही हे ठरवूनच टाकलं होतं. माझ्या त्या एका हसण्याची किंमत गुरुजींनी दीड-दोन तासांनी मोजली. हे मी माझ्या डॉक्टर मित्रांनाही सांगतो, आणि अनेकांना ते आवडत नाही.

गुरुजी तिसऱ्या दिवशी भानावर आले. बाहुल्या पूर्ववत व्हायला आणखी वेळ लागला, वर्तमानपत्र वाचता येईना म्हणून चिडचिड करत होते. त्या रात्रीचं त्यांना काहीही आठवत नाही. या विषावर फिजोस्टिग्मिन नावाचं खास औषध आहे, पण ते आमच्याकडे नव्हतं आणि रात्री अकराला तालुक्याच्या गावात मिळणारही नव्हतं. धडधाकट माणूस, वेळेत आणलेला, म्हणून निभावलं. हृदयाचा त्रास असता, प्रोस्टेटची गाठ असती किंवा तो काढा नातवाने प्यायला असता, तर मी हा लेख वेगळ्या मनःस्थितीत लिहिला असता.

धोतरा आपल्याला कळला कसा नाही?

हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. महाशिवरात्रीला आपण धोतऱ्याचं फूल आणि काटेरी फळ महादेवाला वाहतो. वीतभर लांबीचा तो पांढरा भोंगा आणि काट्यांचा चेंडू पाहिला की लहान पोरगंसुद्धा "धोतरा" म्हणतं. गुरुजींनी आयुष्यभर तो पाहिला होता. मग चूक कशी झाली?

चूक झाली ती पानावरून ओळखल्यामुळे. श्रावणात ते रोप हातभर उंचीचं होतं, फूल नव्हतं, फळ नव्हतं. धोतऱ्याच्या आपल्याकडे दोन-तीन जाती दिसतात. त्यातल्या एका जातीच्या अंगावर मऊ, राखाडी लव असते. पान लांबट-अंडाकृती, कडा जवळपास सरळ. अश्वगंधाही राखाडी लवेची, तिचंही पान अंडाकृती, कडा सरळ. दोन कोवळ्या रोपांचे फोटो शेजारी ठेवले तर मीही फसेन. ज्या झाडाचं फळ आपण देवाला वाहतो, त्याचं नुसतं पान आपल्याला ओळखता येत नाही. आणि फोनला विचारतो ते मात्र नुसतं पान दाखवूनच.

फोन हे यंत्र आहे. तो तुमचा फोटो त्याच्याकडच्या फोटोंशी ताडून पाहतो आणि जास्तीत जास्त जुळणारं नाव पुढे करतो. तो पान उलटून पाहत नाही, चुरगळून वास घेत नाही, मूळ खणत नाही, "फूल आल्यावर पुन्हा या" असंही म्हणत नाही. हौशी माणसाला फुलाचं नाव कळावं यासाठी ते ठीक आहे. मीही फिरायला जाताना वापरतो. पण त्याच्या उत्तरावर काढा उकळायचा म्हणजे बसस्टँडवरच्या वजनकाट्याच्या चिठ्ठीवरून मुलीचं लग्न ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या मुलाबरोबर त्या बांधावर गेलो. शेजारच्या पडीक रानात एक धनगर आजी शेरडं चारत होत्या. उरलेलं रोप उपटून त्यांना दाखवलं. त्यांनी पान बोटांत चुरगळलं, नाकाशी नेलं आणि टाकून दिलं. "आवं डाक्टर, धोतरा हाय की ह्यो. वास बघा कसला उग्र येतोय." पाच सेकंदही लागले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बघा, जुन्या माणसांना सगळं कळतं, मग आमच्या आजीच्या बटव्याला का नावं ठेवता? अहो, मी तेच म्हणतोय. त्या आजींनी ते झाड बारा महिने पाहिलंय. कोंब असताना, फुलात असताना, फळ तडकल्यावर, वाळल्यावर. पन्नास-साठ वर्षं त्या त्याच रानात हिंडताहेत. कशाला हात लावायचा नाही हे त्या आधी शिकल्या, औषध नंतर. आपण त्यातलं काहीच न करता त्यांच्या नावाने काढा पितो. बटवा आजीचा, पण झाड फोनने ओळखलेलं.

वांग्याचं खानदान

हे दोन्ही, म्हणजे अश्वगंधा आणि धोतरा, एकाच कुळातले. वनस्पतिशास्त्रात त्या कुळाला सोलॅनेसी म्हणतात, आपण वांग्याचं कूळ म्हणू. वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची ही आपल्या रोजच्या स्वयंपाकातली मंडळी या कुळातली. तंबाखू याच कुळातली. दशमुळातली डोरली आणि रिंगणी याच कुळातल्या. युरोपातला बेलाडोना, ज्यापासून पहिल्यांदा ॲट्रोपिन वेगळं केलं, तोही याच घरचा. एकाच घरात अन्न, औषध, व्यसन आणि विष नांदतात असं दुसरं कूळ शोधायला वेळ लागेल.

म्हणून "त्याच्यासारखंच दिसतं" हे वाक्य या कुळात फार धोक्याचं आहे. भावंडं एकमेकांसारखी दिसणारच.

आमच्या पिढीच्या डॉक्टरांना या घराण्याची ओळख न्यायवैद्यकाच्या तोंडी परीक्षेत झाली. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी यांतला फरक सांगा, हा हमखास प्रश्न. परीक्षक तळहातावर दोन बिया ठेवायचे. मिरचीचं बी पातळ, फिकट पिवळं. धोतऱ्याचं जरा मोठं, जाड, तपकिरी, चवीला कडू. हा प्रश्न उगाच नव्हता. वाटसरूंना आणि रेल्वेतल्या प्रवाशांना अन्नातून धोतऱ्याच्या बिया देऊन, ते भ्रमात गेले की लुटायचं, हा आपल्या देशातला जुना धंदा. त्यामुळे पुस्तकांत धोतऱ्याला रस्त्यावरचं विष असंच नाव पडलं होतं. परीक्षा झाली आणि आम्ही ते विसरलो. पुढच्या तीस वर्षांत मी औषधांची हजारो नावं पाठ केली, पण दवाखान्याच्या मागच्या पडीक जागेत काय उगवतं हे कधी वाकून पाहिलं नाही. गुरुजींच्या प्रकरणानंतर पाहायला लागलो.

तर अश्वगंधा ओळखायची कशी? पानावरून नाही, हे आता पुन्हा सांगत नाही.

मराठीत तिला आसंध म्हणतात, काही भागांत ढोरगुंज. कमी पावसाच्या मुलखात, पडीक रानात, बांधावर, गावकुसाला ती आपोआप उगवते. भारताप्रमाणेच आफ्रिकेच्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या भागांतही ती मूळची आहे. कमरेएवढं, कधी छातीपर्यंत वाढणारं, बऱ्याच फांद्यांचं झुडूप. सगळ्या अंगावर बारीक पांढुरकी लव, त्यामुळे लांबून धुळकट दिसतं.

फूल इतकं साधं की बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पानाच्या बगलेत, फांदीला चिकटून चार-पाच फुलांचा झुपका, प्रत्येक फूल लहानशा घंटेसारखं, हिरवट पिवळं, नखाएवढं. धोतऱ्याच्या भोंग्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही. आणि खरी खूण त्यानंतर दिसते. वांग्याला देठाशी हिरवी टोपी असते ना? टोमॅटोला चांदणी असते, मिरचीला छोटी टोपी असते. फुलाखालची जी हिरवी वाटी, ती या कुळात बऱ्याचदा फळाबरोबर टिकून राहते. अश्वगंधेत ही वाटी फळाबरोबर वाढते, पातळ कागदासारखी होते आणि फळाला चहूकडून झाकून टाकते, आकाशकंदिलासारखी. तो कंदील फाडला की आत वाटाण्याएवढं, गोल, गुळगुळीत, पिकल्यावर नारिंगी-लाल फळ. ढोरगुंज हे नाव त्या लाल फळावरूनच पडलं असावं असा माझा तर्क आहे.

पण इथेही थांबा. असाच कंदील रानपोपटीलाही असतो. पावसाळ्यात जागोजागी उगवणारी, पोरं जिची फळं फोडून खातात ती, काही गावांत तिला चिरबोटी म्हणतात. बाजारातली रसभरी तिचीच बहीण. रानपोपटी मऊ खोडाची, हिरवीगार, राखाडी लव नसलेली. तिचा कंदील मोठा, फुगलेला, कंगोरे असलेला आणि एकेकटा लोंबणारा. अश्वगंधेचे कंदील लहान, झुपक्याने, फांदीला चिकटलेले. मग कामोणी आहे, जिला काकमाची म्हणतात. तिची फुलं पांढरी चांदणीसारखी, फळं काळी आणि उघडी, कंदील नाहीच. कामोणीच्या पाल्याची भाजी बरेच लोक शिजवून खातात, पण तिची कच्ची हिरवी फळं विषारी असतात.

मुळाचं सांगायचं तर अश्वगंधेचं मूळ मांसल, बाहेरून भुरकट, आतून पांढरं, आणि ओल्या मुळाला घोड्याच्या अंगासारखा वास येतो म्हणून अश्व-गंधा. पण आजकाल घोड्याचा वास किती जणांना माहीत आहे? शिवाय मध्य प्रदेशात नीमच, मंदसौरकडे जी शेतीतली अश्वगंधा पिकते, तिचं मूळ पिठूळ, सहज तुटणारं; रानातल्या झुडपाचं मूळ जास्त धागेदार. दुकानातल्या वाळक्या मुळाशी बांधावरचं मूळ ताडून पाहिलं तरी फसायला होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की फूल आणि फळ येईपर्यंत थांबा. गुरुजींनी नंतर गंमत म्हणून त्या बांधावरचं एक रोप उपटलं नाही. आश्विनात त्यांनी मला फोटो पाठवला. पांढरा शुभ्र भोंगा, वीतभर लांब. खाली फक्त हात जोडलेले होते.

बरं, ओळख पटली. मग?

इथे माझं काही चांगल्या लोकांशीही भांडण आहे. रानवनस्पतींच्या सहली काढणारे, व्हिडिओ करणारे, "तुमच्या बांधावर सोनं उगवतंय आणि तुम्ही तण म्हणून उपटताय" असं सांगणारे. त्यांची झाडांची ओळख पक्की असते, यात वाद नाही. पण ते झाड ओळखायला शिकवतात आणि त्याच श्वासात ते कशावर घ्यायचं हेही सांगून टाकतात. झाड ओळखता येणं हे झाड खाण्याचं लायसन्स नव्हे. रस्त्यावरचा ट्रक कुठल्या कंपनीचा आहे हे ओळखणारा पोरगा तो चालवू शकतो असं आपण म्हणतो का?

माझ्याकडे एक ताई आल्या, वय ३८, नोकरी करणाऱ्या. डोळे पिवळे, अंगाला इतकी खाज की रात्र रात्र झोप नाही. बिलिरुबिन ११ च्या वर. काविळीच्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडा नाही, दारूचा संबंध नाही. या वेळी मी न हसता विचारलं आणि त्यांनी सांगितलं. नर्सरीतून आणलेली अश्वगंधेची कुंडी गॅलरीत होती. पोट कमी होतं म्हणून दोन महिने रोज तिची पानं चावून खात होत्या, वर ऑनलाइन मागवलेल्या कॅप्सूल. कुंडीतल्या झाडाला फुलं होती, कंदील होते. झाड शंभर टक्के अश्वगंधाच होतं, मी स्वतः पाहिलं. सगळं बंद केल्यावर काविळ उतरायला जवळजवळ अडीच महिने लागले. पानांनी झालं की कॅप्सूलने, की कॅप्सूलमध्ये आणखी काही होतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण दुसरं कुठलंही कारण सापडलं नाही.

आणि हे एकट्या माझ्याच ओपीडीत घडलेलं नाही. २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधेची उत्पादनं घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचंही चित्र असंच होतं, कावीळ आणि भयंकर खाज. आपल्या देशातूनही त्यानंतर अशा नोंदी आल्या. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदीच घातली. मला ती बंदी टोकाची वाटते. लाखो लोक घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, हे खरं आहे. पण "काहीच होऊ शकत नाही" हे खोटं आहे, आणि पॅकेटवर ते ठळक अक्षरात छापलेलं असतं.

पानांबद्दल तर आयुर्वेदाचीही तुम्हाला साथ नाही. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात अश्वगंधा म्हणजे त्या झाडाचं वाळलेलं, पक्व मूळ. पान नाही. मुळाऐवजी किंवा मुळात मिसळून पानं वापरली जात होती, तेव्हा २०२१ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं. ॲलोपॅथीवाल्यांचं ऐकू नका हवं तर. पण मग आयुष मंत्रालयाचं तरी ऐका. माझे एक वैद्य मित्र आहेत, ते पेशंटला अश्वगंधा देतात. कुणाला, किती, कशाबरोबर आणि कधी थांबवायची हे ठरवून देतात. गरोदर बाईला देत नाहीत. व्हिडिओ पाहून पानं चावणाऱ्यांवर ते माझ्यापेक्षा जास्त चिडतात.

थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, मधुमेह आणि बीपीवाल्यांनी, यकृताचा आजार असणाऱ्यांनी ही विशेष सांभाळायची गोष्ट आहे. थायरॉइडचं प्रमाण वाढून छातीत धडधड सुरू झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढू शकते. तिच्या शास्त्रीय नावातलं सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी, हे उगाच नाही.

"पण डॉक्टर, आपल्या मातीतलं आहे हो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचीच मला धडधड होते. मातीत काय उगवतं ते मातीला विचारून उगवत नाही. गाजर गवत, घाणेरी, घायपात, सगळी अमेरिकेकडून आलेली आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहेत. गुरुजींना ज्याने आडवं केलं तो लवदार धोतराही मूळचा तिकडचाच. आणि जे खरोखर इथलंच आहे, ते इथलं आहे म्हणून सौम्य असतं हे कुणी ठरवलं? मण्यार आणि घोणसही इथलेच आहेत.

आता कामाचं. झाड ओळखून घ्यायची हौस असेल तर चांगलीच गोष्ट आहे. फुलं आणि फळं असलेली फांदी, जमल्यास मुळासकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजते. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभाग असतो, तिथले शिक्षक हौसेने सांगतात, त्यांना कुणी विचारतच नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लाटर हर्बेरियम आहे. तिथे वाळवून ठेवलेले जुने नमुने आहेत, त्यांच्याशी ताडून पाहणारी माणसं आहेत. फोनपेक्षा वेळ लागेल. लागू द्या.

आणि चुकून कुणी काही खाल्लं-प्यायलंच, आणि तोंड कोरडं पडलं, नजर धूसर झाली, अंग तापून लाल झालं, माणूस असंबद्ध बडबडायला लागला, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. भ्रमातल्या माणसाला काहीही पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. लिंबू, ताक, दूध, देवऋषी, सगळं बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखान्यात या. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टरांना दिवसरात्र सल्ला मिळतो. पण त्यासाठी काय खाल्लं हे आम्हाला कळलं पाहिजे. किती वाजता घेतलं ते सांगा. कुणी ओरडेल म्हणून लपवू नका, माझ्या दवाखान्यात आता कुणी हसत नाही. ज्या झाडाचं घेतलं त्याची फांदी तोडून आणा. आणि काढ्याचं पातेलं घासून टाकू नका, तसंच घेऊन या.